एक लेडीज पाठवा

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पायांचे तुकडे पडलेत. सकाळपासून तलावावर उभी — देवी विसर्जन. बूट काढले तर मोजे पायाला चिकटलेले!

सकाळी ठाण्याच्या फळ्यावर बंदोबस्त लिहिला होता. वर 'स्टाफ', त्याखाली 'होमगार्ड' आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात — 'लेडीज २'. म्हणजे मी आणि शालूबाई. आम्ही स्टाफ नाही. नऊ वर्षं झाली नोकरीला. बक्कल नंबर आहे, छातीवर नावाची पट्टी आहे, आणि वॉकीवर मी लेडीज. शालूबाई तर हवालदार. त्यांच्यासोबत भरती झालेल्या माणसांना आज नवी पोरं 'जमादार साहेब' म्हणतात. त्यांना काय? 'लेडीज, इकडे या जरा!'

शालूबाई बस स्टँड चौकात, मी तलावावर. माझ्यासोबत होमगार्डची एक पोरगी दिली होती, मनाली. विशीतली. ड्रेस ढगळ, टोपी कानावर येणारी, पण कामाची! 'बाई, मांगं सरका, पान्यात जाता काय' करत तिने बायकांची सगळी रांग सांभाळली. होमगार्डही खाकीतच असतात, लांबून कोण कोण ते कळत नाही. एका मंडळवाल्याने तिला 'लेडीज मॅडम' म्हटलं तर पोरगी खूश! मला म्हणते, 'ताई, मले बी लेडीज म्हणतेत!' म्हटलं, मिरव बाई, तुला नवीन आहे.

संध्याकाळी वॉकीवर उकंडरावांचा आवाज. ते आज ठाणे अंमलदार, म्हणजे ठाण्यात बसून फोन घेणारे. 'सरकारी दवाखान्यात एक लेडीज पाठवा. पेशंट बाई आहे. बाई पोलीसच पाहिजे म्हणते.' नेमका तेव्हाच एक ट्रॅक्टर चिखलात रुतलेला, बायका-लेकरं चाकापाशी. शालूबाई दवाखान्याच्या तोंडावरच आहेत, त्या जातील, असं मनात म्हटलं. थोड्या वेळाने वॉकीवर कुणीतरी बोललंही — 'निघाली.' सुटले.

मनालीला चौकातून चहा आणायला पाठवलं होतं. किती वेळ आलीच नाही. बसली असेल कुठे दम खात.

४ ऑक्टोबर, शनिवार

शालूबाई गेल्याच नव्हत्या!

सकाळी ठाण्यात त्यांनाच विचारलं, कालची दवाखान्यातली बाई कोण होती? तर माझ्याकडे बघतच राहिल्या. 'मले काय विचारतं? तू गेल्ती न?' मी कशाला जाऊ, मी तलावावर! 'अन् मी काऊन जाऊ? दवाखान्याच्या ड्यूट्या तूच करतं. स्कूटी बी तुह्यापाशी.' दोघींनी वॉकी ऐकला. दोघींना वाटलं, दुसरी गेली.

तशीच स्कूटी काढून दवाखान्यात गेले. कॉटवर पोरगी — डिंपल. लग्नाला सहा महिनेही झाले नसतील. उजवा हात प्लास्टरमध्ये, ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. उशाशी सासू सोजराबाई मोसंबी सोलत बसलेल्या, जशी काही सून बाळंत झालीये!

नर्सने मला बाजूला घेतलं. काल पोरीला आणलं तेव्हा सासू औषधं आणायला बाहेर गेली होती. तेवढ्या वेळात डिंपलने हिचा हात धरला. 'बाई पोलीस बोलवा. माणसापुढं मी बोलनार नाई.' म्हणून डॉक्टरांनी ठाण्यात फोन केला. 'मग कोण आलं?' मी विचारलं. नर्सला ठाऊक नाही. तिची ड्यूटी संपली, ती घरी गेली.

सासूला बाहेर काढलं. दार लोटलं. म्हटलं, डिंपल, मी पोलीस. पूनम माझं नाव. आता कुणी नाही इथे. बोल.

'जिन्यावरून पडली मी.'

ओठ कसा फाटला?

'पडली न.'

काल तू बाई पोलीस मागितली होतीस ना?

'नाई.' मग भिंतीकडे तोंड करून, अगदी हळू — 'आता काऊन आल्या तुमी?'

खूप वेळ बसले. केसांना हात लावला तर अंग चोरलं तिने. जबाब 'जिन्यावरून पडले' असाच घेतला. डाव्या हाताचा अंगठा मीच धरून उठवला. बी.ए. झालेली आहे पोरगी!

घरी येऊन जेवण गेलं नाही. ती आमची वाट बघत होती काल. दारात पाय वाजला की मान वळवत असेल.

६ ऑक्टोबर, सोमवार

उकंडरावांना गाठलं. दवाखान्यात कोणाला पाठवलं? ते बिचारे वर्षभरात रिटायर होणार, कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणतात, 'पाठोली न मी लेडीज!'

'कोण?'

'आता नाव कोन विचारते वो बंदोबस्तात? मी वॉकीवर सांगतलं, निघाली म्हून उत्तर आलं. गेलीच असंन.'

गेलीच असंन! आम्ही दोघी त्यांच्यासमोर उभ्या, दोघी गेलो नव्हतो, आणि हे म्हणतात गेलीच असंन. मग 'निघाली' कोण बोललं? पुरुषाचा आवाज होता एवढं मला आठवतं. शालूबाई म्हणतात, तुझ्या पॉइंटवरच्या पोराने तुझ्यासाठी सांगितलं असणार. मी म्हणते, तुमच्या. साहेबांच्या केबिनबाहेर दोघी इतक्या कडाडलो की साहेब बाहेर आले. 'दोनच लेडीज आहेत ठाण्याला, त्याही भांडतात!' पोरं हसली.

७ ऑक्टोबर

शालूबाई बोलत नाहीत. मीही नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

डिंपलला सुट्टी झाली. मला कळलं तोवर नवरा सागर तिला गाडीवर बसवून घेऊनही गेला.

साहेबांना म्हटलं, सर, त्या पोरीला मारहाण झालीये. पुन्हा होईल. ते ऐकून घेतात, वाईट माणूस नाही. 'तक्रार आहे का?' नाही. 'जबाब काय आहे?' जिना. 'मग मी कोणाला उचलू, जिन्याला?' मग म्हणाले, 'तुम्ही लेडीज आहात, जाऊन समजूत काढा.' समजूत! आमच्या खात्यात ती फक्त आम्हीच काढायची असते.

तिच्या माहेरी फोन लावला, धामणगाव बढ्याला. वडील बोलले. किराण्याचं दुकान आहे, मागे गिऱ्हाईक ऐकू येत होतं. 'मॅडम, दिवाळीनंतर पोराची सोयरीक हाय. आता काई काढू नका. आमी समजावतो तिले.' आईला फोन द्या म्हटलं तर म्हणाले, ती वावरात गेली. पाठीमागून बांगड्या वाजत होत्या.

१२ ऑक्टोबर, रविवार

त्यांच्या गावात 'सहज' जाऊन आले. अंगणात सोयाबीन पसरलेलं, डिंपल डाव्या हाताने ते खालीवर करत होती. डोळ्याची सूज उतरलीये. सोजराबाईंनी चहा दिला, वर बशीत चिवडा. 'या न मॅडम, तुमचंच घर हाय.' एक क्षण सुनेला एकटं सोडलं नाही. निघताना मुद्दाम मोठ्याने म्हटलं, डिंपल, माझा नंबर घे. तिने सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, 'घे न वं, घे!' आणि नंबर स्वतःच्याच मोबाईलमध्ये टाकून घेतला.

डिंपल माझ्याकडे बघते ती रागाने. भीतीने बघितलं असतं तर कळलं असतं मला. हा राग आहे. आम्ही आलो नाही त्याचा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बुलढाण्याला ट्रेनिंग. पुण्याहून हिमानी मॅडम आल्या होत्या, महिला पोलिसांशी आणि महिला पोलिसांबद्दल कसं बोलावं यावर. 'लेडी कॉन्स्टेबल, लेडीज स्टाफ हे शब्द टाका. पुरुषाला आपण जेन्ट्स कॉन्स्टेबल म्हणतो का? बाहेरच्या देशांतही बाईच्या हुद्द्याआधी 'वुमन'चं एक अक्षर लावायचे, ते काढून टाकलं. ऑफिसर म्हणा. शिपाई म्हणा. हवालदार म्हणा.' टाळ्या. मीही वाजवल्या, मनापासून.

मग उठून विचारलं, 'मॅडम, मले एक सांगा —' तर 'मले' ऐकून मागे दोघी-तिघी खुसखुसल्या, हिमानी मॅडमही गोड हसल्या. मी गडबडले आणि भलतंच काहीतरी विचारून बसले. विचारायचं होतं ते हे — ते अक्षर काढल्यावर तिकडे दवाखान्यातल्या बाईला बाईच हवी असेल तर काय करतात? डिंपलने तरी काय मागितलं होतं? माझं नाव नव्हतं मागितलं. बाई मागितली होती. आणि फळ्यावर दोन बाया लिहिलेल्या असून तिला एकही मिळाली नाही.

रात्री नवऱ्याला, हरिओमला, सांगितलं. तो कृषी केंद्र चालवतो, सगळ्या गोष्टींवर त्याच्याकडे औषध असतं. यावर नव्हतं. 'जेव' म्हणाला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

एक चांगली गोष्ट. मनाली, ती तलावावरची पोरगी, पोलीस भरतीची तयारी करतेय. सकाळी ग्राउंडवर मी तिला पळवते. तिला वडील नाहीत, लहानपणापासून मावशीनेच वाढवलं; वर्षभर झालं, भरतीसाठी इथे खोली करून राहते. गोळाफेक कच्ची आहे, पण पळते सुरेख! आज दमून बसलो तेव्हा तिला डिंपलचं सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवंच होतं, शालूबाई तर तोंड फिरवून बसल्यात. म्हटलं, मनाली, रात्री झोप नाही लागत गं, ती पोरगी वाट बघत होती आणि आम्ही कुणी गेलोच नाही.

मनाली बुटाची नाडी बांधत होती. कितीतरी वेळ बांधतच होती. मग म्हणाली, 'जाऊ द्या न ताई. नवरा-बायकोत होतेच.' मी ओरडले तिच्यावर. पोलीस व्हायचंय ना तुला? असं बोलशील पेशंटसमोर? तिच्या डोळ्यात पाणी आलं. फार बोलले का? लहान आहे अजून.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. ड्यूटी. भावाला व्हिडिओ कॉलवर ओवाळलं, फोनच्या पुढे निरांजन धरून. तिकडून वहिनी म्हणते, 'ताई, धूर स्क्रीनवर चालला!' हसले खूप दिवसांनी.

ग्राउंड बंद. मनाली गावाला गेलीये, तिला सख्खा भाऊ नाही, मावसभावाला ओवाळते.

३० ऑक्टोबर, गुरुवार

कसुरीची नोटीस. दवाखान्यात गेलो नाही याचा खुलासा द्या म्हणून. दोघींच्या नावाने एकच! वर 'म. पो. कर्मचारी' असं लिहून खाली दोघींची नावं. निदान इथे तरी नावं आली. चूक झाली की नाव असतं आम्हाला.

साहेबांनी केबिनमध्ये एकटीला बोलावलं. 'पूनम मॅडम, दोघींना कशाला अडकवू? पॉइंट जवळ कोणाचा होता? शालूबाईंचा. तेवढं लिहून द्या.' शालूबाईंची बढती तोंडावर आहे. फौजदार होतील त्या — लोक तेव्हा 'लेडीज फौजदार' म्हणतील, पण फौजदार तर होतील! 'विचार करते सर' म्हणाले. पायऱ्या उतरताना शालूबाई वर चढत होत्या. त्यांनाही एकटीलाच बोलावलं होतं.

३१ ऑक्टोबर

नाही लिहिलं. त्यांनीही नाही लिहिलं. दोघींचा खुलासा एकसारखा — मला वाटलं, दुसरी गेली. हे एकमेकींना न विचारता! दुपारी शालूबाईंनी न बोलता माझ्या टेबलावर डबा सरकवला. वांग्याची भाजी. तिखटजाळ. रडू आलं, तिखटाने म्हटलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा त्यांच्या गावाकडून आले. शेजारीण म्हणाली, परवा आवाज आला होता. कसला? 'आता कसला म्हून काय सांगू बाई तुमाले. आमाले इथंच राहाचं हाय.' डिंपल ओट्यावर होती. मला बघून आत निघून गेली. पळत नाही, हळूच — ओळखीचं कुत्रं अंगणात आलं म्हणून कुणी उठून जावं, तशी. मी गाडी चालू ठेवूनच उभी राहिले आणि परत आले.

मी करू तरी काय? गणवेश आहे, गाडी आहे, कायदा आहे, आणि ती पोरगी एक शब्द देत नाही. तो शब्द तिच्याकडे होता, एका संध्याकाळी. त्या संध्याकाळी मी ट्रॅक्टर ढकलत होते.

१० नोव्हेंबर, सोमवार

उलगडलं!

उकंडराव जेवायला बसले होते. आम्ही दोघी नोटिशीचंच बोलत होतो. तर ते लोणचं चोखत म्हणतात, 'तुमी फालतूच एकमेकीले दोष देऊन राह्यल्या. थे होमगार्डवाली पोरगी गेल्ती न. पूनमबाईसंग होती थे. दवाखान्याच्या वळनावर आपला शिपाई उभा होता, त्यानं तिले चहा नेताना पाह्यलं अन् धाडून देलं, वॉकीवर 'निघाली' बी त्यानंच सांगतलं. काल त्यानंच सांगतलं मले.'

शालूबाई उसळल्या. 'होमगार्ड? जबाब घ्यायले होमगार्ड?'

उकंडरावांना खरंच काही कळेना. 'लेडीजच न थे बी?'

शालूबाई शिव्या देत राहिल्या, आणि मला — लिहायला लाज वाटते — हलकं वाटलं. कुणीतरी गेलं होतं! ती एकटी पडून राहिली नव्हती. मनाली तिच्यापाशी बसली होती. मनालीला फोन लावला. आधी तिने विचारलं, 'कोनं सांगतलं तुमाले?' मग, 'हाव ताई, गेल्ती मी. तुमी रागवसान म्हून सांगतलं नाई. पन थे काई बोललीच नाई माह्यासंग.' वेडी! मी कशाला रागवेन? उलट म्हटलं, बरं केलंस गेलीस ते. साहेबांना सांगून आमच्या नोटिशीचंही बघता येईल.

आज झोप लागेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

डिंपलचं प्लास्टर काढायचं होतं. मी आधीच दवाखान्यात जाऊन थांबले. सोजराबाई चिठ्ठीच्या रांगेत लागल्या आणि ती बाकावर एकटी सापडली. घाईघाईत म्हटलं, डिंपल, त्या दिवशी आली होती ती आमची लहान पोरगी होती, तिच्याशी नाही बोललीस ना, मग माझ्याशी बोल.

पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. 'कोन म्हनते नाई बोलली? सारं सांगतलं मी तिले. खाकी पाहून. तिनं डोक्यावरून हात फिरवला माह्या, म्हने मी हाय न. पट्ट्याचं सांगतलं, कोंडून ठेवते थे सांगतलं. सकाळून सासूनं माहे शब्द जसेच्या तसे मलेच म्हनून दाखोले. मंग तुमी आल्या.'

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, 'भाऊबीजेले थे मॅडम आमच्या घरी आली. साडी नेसून. मनाली. सासूच्या बहिनीची पोरगी. लग्नाच्या गर्दीत पाह्यली असंन, ध्यानात नाई राह्यली. माह्या नवऱ्याले ओवाळलं तिनं, मी ताट धरलं.'

ती पोलीस नव्हती गं, मी म्हटलं. ती आमची नव्हती.

'मंग मले कसं समजावं, तुमी हाय म्हून?'

सोजराबाई चिठ्ठी घेऊन आल्या. मी बाकावरून उठले आणि त्यांना जागा दिली.